रिमलेसची काच पुन्हा पुन्हा सैल होते? आवळण्याआधी हे तपासा

"भाऊ, आत्ता तर आवळून नेला होता, पुन्हा हलून राहिला ना!" नागपूरच्या बर्डीत चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला मार्च ते जून हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की चष्मा हातात घ्यायच्या आधीच तो रिमलेस, म्हणजे काचेभोवती फ्रेम नसलेला, असणार हे कळतं. गिऱ्हाइकाला वाटतं, मागच्या वेळी स्क्रू नीट आवळला नाही. बहुतेक वेळा तो नीटच आवळलेला असतो. एकदा सैल झाला तर स्क्रूचा दोष म्हणू. त्याच जागी दुसऱ्यांदा सैल झाला, तर भोक, काचेची कड, वॉशर किंवा काचेचं मटेरियल यांपैकी कशात तरी गडबड आहे. तिथे आणखी जोर लावून आवळलं की काच भोकापासून तडकते आणि पाच मिनिटांचं काम नव्या काचेच्या खर्चावर जातं.

रिमलेसमध्ये फ्रेम म्हणावी अशी वस्तूच नसते. नाकावरचा ब्रिज आणि दोन दांड्या, एवढे तीन तुकडे. म्हणून धंद्यात याला थ्री-पीस म्हणतात. या तिघांना जोडून धरते ती काच. साध्या चष्म्यात फ्रेम काचेला सांभाळते, इथे काचच फ्रेमला सांभाळते. हेल्मेट चढवताना दांडीला बसलेला हिसका, उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडताना ओढली गेलेली दांडी, दुपारी डुलकी घेताना कुशीखाली आलेला चष्मा, या सगळ्याचा ताण चार जोडांच्या बारीक भोकांवर येतो.

जोड कोणता आहे ते आधी ओळखा. काचेच्या मागच्या बाजूला छोटा नट दिसत असेल तर तो नट-बोल्टचा. नट नसून पारदर्शक प्लास्टिकचे दोन ठिपके शेजारी शेजारी दिसत असतील आणि त्यांत तारेची दोन टोकं घुसलेली असतील, तर तो बुशचा, म्हणजे भोकातल्या प्लास्टिकच्या नळीत (बुशमध्ये) तार दाबून बसवलेला. अशा स्क्रूविना चष्म्यांना मोठी चालना मिळाली ती १९९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सिल्हूएट कंपनीने तसा टायटॅनियमचा चष्मा आणल्यावर. आता त्या धर्तीचे चष्मे गल्लोगल्ली मिळतात. खालच्या कडेला नायलॉनची दोरी असेल तर तो रिमलेस नव्हे, हाफ रिम. त्याची काच निसटली तर दोरी बदलायची, बाकीचं इथलं काही त्याला लागू नाही.

काच हलते कशी, ते बघा

ब्रिज डाव्या हाताच्या चिमटीत धरा आणि उजव्या हाताने एकेक काच कडेला धरून हळूच हलवा. मग काच धरून दांडीचा जोड हलवा. चारही जोड असे वेगवेगळे तपासा, कारण कानाला ऐकू येणारी किटकिट नेमकी कुठून येते ते चष्मा डोळ्यावर असताना कळत नाही. बरेचदा लोक दांडीचा बिजागरीचा स्क्रू सैल झालेला घेऊन येतात आणि काच हलते म्हणतात. बिजागरी सैल असेल तर ती घरच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळा, विषय संपला.

काच खरंच हलत असेल तर ती दोन तऱ्हांनी हलते. एक, मागेपुढे डुलते. बोटाने टिचकी मारली की टिक असा आवाज येतो. दुसरं, स्क्रूभोवती फिरते, म्हणजे दांडीकडची बाजू खाली झुकते किंवा वर उचलली जाते. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

डुलणारी काच त्यातल्या त्यात सोपी. नट थोडा सुटलाय किंवा वॉशर झिजलाय. फिरणाऱ्या काचेचं मात्र नीट समजून घ्या, कारण वारंवार परत येणाऱ्या चष्म्यांत हीच जास्त असते.

एका खिळ्यावर टांगलेली तसबीर कितीही घट्ट ठोकली तरी धक्क्याने तिरकी होतेच, दोन खिळे असले की होत नाही. रिमलेसचा स्क्रू हा तो एकटा खिळा. तो काचेला पकडून ठेवतो, पण फिरू न देण्याचं काम त्याचं नाही. ते काम दुसरी कुठली तरी गोष्ट करते: शेजारचं दुसरं भोक, काचेच्या कडेला कापलेली खाच, किंवा काचेच्या कडेला टेकून बसणारी धातूची छोटी पट्टी. एका भोकाच्या चष्म्यात ही पट्टी कडेला टेकलेलीच नसेल, तर सगळा भार स्क्रूवर येतो, आणि काच दर हिसक्याला जराशी फिरून नट सोडवत राहते.

हे तपासायला वर्तमानपत्राची अरुंद पट्टी पुरते. पट्टी काचेची कड आणि धातू यांच्या मधल्या फटीत सरकवा. कागद सहज आत गेला तर कारण सापडलं. काच थोडी लहान घासली गेली किंवा भोक कडेच्या जास्त जवळ पडलं की अशी फट राहते. फट अगदी थोडी असेल तर काच काढून धातूची पट्टी कडेकडे किंचित वळवता येते. काच जागेवर असताना पकडीने पट्टी वाकवायला जाऊ नका, तो सगळा जोर भोकावर जातो. फट जास्त असेल तर काच नव्याने करावी लागते, आणि ती चूक बसवणाऱ्याची असल्याने तसं दुकानात स्पष्ट बोला. उलट प्रकारही होतो: भोक कडेपासून जास्त आत पडलं की पट्टी कडेवर दाबून बसते. असा चष्मा सुरुवातीला झकास घट्ट वाटतो आणि काही दिवसांनी भोक आणि कड यांच्या मधल्या भागात तडकतो.

काच फिरण्याने नुसतं दिसायला वाईट दिसतं असं नाही. सिलिंडरचा म्हणजे तिरकस नंबर असेल तर त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे तो ज्या कोनात बसवलेला असतो तो कोन, फिरतो. २.०० चा सिलिंडर नुसता ५ अंश फिरला तरी ०.३५ च्या आसपास सिलिंडर न सुधारता शिल्लक राहतो. दूरचं आणि वाचायचं एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्हमध्ये तर वाचायचा पट्टा सरकतो आणि माणूस मान तिरकी करून पेपर वाचायला लागतो. नवा नंबर जमत नाही म्हणून डोळे पुन्हा तपासायला निघालेल्यांनी आधी ही काच हलवून बघावी.

उन्हाळा आणि वॉशर

नट-बोल्टच्या जोडात धातू थेट काचेला टेकत नाही. काचेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ वॉशर असतो, भोकाच्या आत पुष्कळदा प्लास्टिकची नळी असते आणि नटाखाली धातूचा वॉशर. हे प्लास्टिक सतत दाबाखाली असतं आणि हळूहळू चपटं होत जातं. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ती यंत्राची चूक निघाली, पण बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याला याहून जास्त सोसावं लागतं, तिथे यंत्राची चूक नसते.

चष्म्याची काच म्हणतो ती बहुतेक प्लास्टिकचीच असते. तापल्यावर ते प्लास्टिक टायटॅनियमच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. नट-बोल्ट तेवढा लांबत नाही, म्हणून मधला वॉशर आणखी दाबला जातो. संध्याकाळी कूलरसमोर बसलात की काच आकसते, पण चपटा झालेला वॉशर फुगून पूर्ववत होत नाही. मध्ये केसाएवढी जागा राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून मार्चनंतर गर्दी होते. चष्मा डॅशबोर्डवर, स्कूटीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खुर्चीवर ठेवू नका. त्या उष्णतेने अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगलाही बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि ते कशानेच पुसून निघत नाही.

घामाचा त्रास वेगळा. मिठाने स्क्रूच्या आट्यांत हिरवट काट धरते. असा स्क्रू आवळला तर घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो काटीमुळे अडलेला असतो, काचेला पकडलेलाच नसतो. तो काढून नवा घालायचा, घासून पुन्हा वापरायचा नाही.

आवळायचं कसं

जुने वॉशर पिवळे, कडक किंवा चिरलेले असतील तर आधी बदला. नुसतं आवळून पाठवणारं दुकान तुमचा वेळ खातंय, कारण वॉशर बदलल्याशिवाय तो जोड टिकणार नाही. क्रम महत्त्वाचा: काचेला दोन्हीकडून प्लास्टिक, मग धातूचा वॉशर, मग नट. प्लास्टिक आणि धातूचा वॉशर उलटसुलट झाले की धातू काचेवर घासतो आणि भोकाच्या तोंडाशी पांढरट कडं उमटतं.

पुढून स्क्रूड्रायव्हरने बोल्ट स्थिर धरायचा आणि मागून नट पान्याने फिरवायचा. पकडीने नट फिरवला की त्याचे कोपरे झिजतात, पकड निसटली की काचेवर ओरखडा. नट वॉशरला टेकला की थांबा, काच हलवून बघा, मग अगदी थोडं, फार तर एका फेरीचा आठवा हिस्सा, पुढे. काच डुलायची थांबली की काम झालं. "अजून थोडं घट्ट करून द्या भाऊ" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. प्लास्टिकच्या काचेला जास्तीचा दाब सोसत नाही, तो लगेच दिसत नाही एवढंच.

मग नट पुन्हा सुटू नये म्हणून काय? लोक नखाचं पॉलिश लावतात, फेविक्विकचा थेंब सोडतात. दोन्ही नको. पॉलिशमधलं द्रावण पॉलिकार्बोनेटला (काचेच्या प्लास्टिकचा एक प्रकार) खातं, फेविक्विकच्या वाफेने भोकाभोवती पांढरं धुकं धरतं, आणि पुढच्या वेळी जोड उघडायचा म्हटलं तर काच फोडूनच उघडतो. कारखान्यात बोल्टवर वापरतात ते थ्रेडलॉकही पॉलिकार्बोनेटला लागलं तर भोकापाशी भेगा पाडू शकतं. त्यापेक्षा आत नायलॉनची कडी असलेला लॉकनट घाला, किंवा बोल्टला लांबी असेल तर वर दुसरा नट चढवा. दोन्हीत रसायन लागत नाही. उरलेला बोल्ट कापून, टोक घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर ते गालाला किंवा पापणीला टोचतं.

बुशचा जोड घरी उघडू नका. तिथे बुश जुने झाले की नवेच घालावे लागतात, आणि जोडीने. काचेच्या जाडीएवढे कापून, भोकात बसवून, तारेची टोकं मऊ गादीच्या पकडीने एका दमात दाबायची असतात. ओढून, डोलवून काढलं की भोक मोठं होतं. बुशवाला चष्मा सैल झाला आणि दुकानदार "गोंद टाकून देतो" म्हणाला, तर चष्मा परत घ्या आणि पुढच्या दुकानात जा.

सगळं बसल्यावर चष्मा उलटा करून सपाट टेबलावर ठेवा. दोन्ही काचांच्या वरच्या कडा आणि दोन्ही दांड्या टेबलाला टेकल्या पाहिजेत. एक दांडी हवेत राहत असेल तर एखाद्या जोडात पीळ शिल्लक आहे, आणि तो पीळच पुढच्या महिन्यात नट सोडवणार.

भोक बघा, उजेडात

चष्मा खिडकीकडे धरून भोक भिंगातून बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. भोक गोल आहे की अंडाकृती झालंय? अंडाकृती झालेल्या भोकात कोणताही स्क्रू टिकत नाही. काचेला पुरेशी रुंदी असेल तर भोक किंचित मोठं करून जाड नळी बसवता येते. नसेल तर नवी काच.

भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली तर ती भेग. पुष्कळदा भेगा चांदणीसारख्या चहूबाजूंना जातात. भेगेवर उपाय नाही. ती कडेपर्यंत पोचली की काच भर रस्त्यात गळून पडते, म्हणून असा चष्मा गाडी चालवताना वापरू नका.

भेग पडण्याआधीचा ताणही घरी पाहता येतो. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल एका हातात धरून स्क्रीन काळपट दिसेपर्यंत फिरवा, आणि दोन्हींच्या मध्ये चष्मा धरा. भोकाभोवती उजळ पाकळ्या किंवा रंगीत पट्टे उमटले तर तिथे ताण आहे. पॉलिकार्बोनेटच्या काचेत असे पट्टे सगळीकडेच थोडेफार दिसतात, साच्यात ओतताना राहिलेले. तिथे फक्त भोकापाशी गोळा झालेलं तेज बघायचं. चारपैकी एकाच भोकाशी ते जास्त असेल, तर नट पाव फेरी सोडून पुन्हा बघा. तेज कमी झालं तर तो जोड जास्तच आवळलेला होता.

मायनसचा मोठा नंबर असला की आणखी एक भानगड. अशा काचेचा पुढचा भाग सपाटसर आणि मागचा खोलगट असतो, त्यामुळे मागे नट तिरपा बसतो आणि एकाच बिंदूवर दाब देतो. तिथे तिरक्या कापाचा वॉशर लागतो. साधा वॉशर दोनदा तुटला असेल तर हे विचारा.

मटेरियल

इतकं सगळं करूनही दर काही महिन्यांनी तोच त्रास होत असेल, तर बिल काढून मटेरियल बघा. दुकानात ज्याला नुसतं फायबर म्हणतात ते बहुतेक सीआर-३९ असतं. साध्या फ्रेममध्ये उत्तम, दिसायला स्वच्छ, पण भोक पाडायला ठिसूळ. रिमलेसमध्ये सीआर-३९ घालून देणं मला पटत नाही, स्वस्त पडतं म्हणूनही नाही. पॉलिकार्बोनेट धक्क्याला दणकट आहे, पण भोकाभोवती ताण आणि रसायनं त्याला सोसत नाहीत. अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्या आसपासही नको. ट्रायव्हेक्स हे २००१ मध्ये पीपीजी कंपनीने चष्म्यासाठी आणलेलं मटेरियल भोकांना सर्वांत चांगलं. घनता सुमारे १.११, म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या १.२० पेक्षाही हलकं, आणि भोकापाशी सहजासहजी तडकत नाही. नंबर जास्त असेल तर १.६० इंडेक्सचं (हा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ) मटेरियल भोकांना चांगलं साथ देतं. १.७४ पातळ दिसतं म्हणून लोक मागतात, पण ते भोकापाशी ठिसूळ ठरतं. खऱ्या काचेचा, म्हणजे ग्लासचा, तर रिमलेसमध्ये प्रश्नच नाही.

प्लसच्या नंबरात कड पातळ होते. धरमपेठच्या एका काकूंच्या काचेची कड भोकापाशी इतकी पातळ होती की बुश दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होते आणि चष्मा पुसला की जोड सुटायचा. त्यांना काच बदलून देताना भोकापाशी दोन मिलिमीटर जाडी राहील अशी ऑर्डर दिली, तेव्हा बसला. प्लसचा नंबर असेल तर ऑर्डर देतानाच "ड्रिलसाठी आहे" असं लिहून घ्यायला लावा, म्हणजे लॅब काचेच्या मध्यभागाची जाडी त्या हिशेबाने ठेवते. नंतर काही करता येत नाही.

नंबर दोन आकडी असेल, चष्मा दिवसभर हेल्मेटमध्ये असेल किंवा घरात दांडी ओढणारं लहान मूल असेल, तर खरं सांगायचं तर रिमलेस घेऊच नका. धंद्याच्या दृष्टीने हे बोलणं परवडत नाही, पण दर महिन्याला फुकट आवळून देणंही परवडत नाही.

रोजच्या वापरात दोन सवयी बदला. चष्मा काढताना दोन्ही हातांनी दोन्ही दांड्या धरून काढा. दुपट्टा किंवा हेल्मेट असेल तर आधी चष्मा काढून मग ते सोडा. आणि पुसताना जी काच पुसताय तिचीच कड धरा. उजवी दांडी धरून डावी काच घासली की सगळा पीळ ब्रिजच्या दोन जोडांतून जातो. ब्रिजकडचे जोड सैल होण्याचं कारण दहातल्या बहुतेक चष्म्यांत हेच असतं.

रस्त्यात स्क्रूच पडला तर फेविक्विक शोधू नका. भोकातून बारीक नायलॉनचा दोरा किंवा वायरची एक तांब्याची तार ओवून गाठ मारा, दुकानापर्यंत निभावतं. तेही जमत नसेल तर काच आणि सांगाडा वेगवेगळ्या मऊ कापडात गुंडाळून आणा, एकाच डबीत सुटे टाकले की धातूची टोकं काचेवर ओरखडे काढतात. पडलेला नट सापडला तर तोही पुडीत बांधून आणा. जुन्या मॉडेलच्या आट्याला जुळणारा नट दुकानात असेलच असं नाही.